बीकरमधला काळा साका

वजनरहित अवस्थेत रॉकेटचं इंधन पंपाकडे ओढून न्यायचं कसं, या प्रश्नावर नासातले स्टीव्ह पापेल यांनी १९६३ साली उत्तर काढलं: इंधनच चुंबकाकडे ओढलं जाईल असं करायचं. त्यासाठी त्यांनी मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं चुंबकी ऑक्साइड, ओलिक आम्लाबरोबर रॉकेलसारख्या द्रवात दळलं. असलं दळण आठवडेच्या आठवडे चालतं.

१९८१ मध्ये फ्रान्सच्या रने मासार यांनी असा चुंबकी द्रव बनवण्याची जी रीत मांडली तिला जातंच लागत नाही. पाण्यात फेरिक क्लोराइडचे दोन भाग, फेरस क्लोराइडचा एक. द्रावण पिवळसर तांबूस दिसतं. जोरात ढवळत त्यात अमोनिया ओतला की पाहता पाहता सगळं काळं होतं. खाली बसणारा हा काळा साका म्हणजेच मॅग्नेटाइट, आणि त्याचा एकेक कण साधारण दहा नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत असे हजारो कण ओळीने मावतील.

कृती सोपी वाटते, पण खरी परीक्षा पहिल्या काही सेकंदांत असते. अल्कली, म्हणजे अमोनिया, झटकन मिसळली तर कणांची असंख्य बीजं एकदम धरतात आणि लोखंड सगळ्यांत वाटलं जाऊन कण लहान राहतात. थेंबथेंब टाकली तर आधी धरलेली बीजंच पोसली जातात, आणि कण लहानमोठे निघतात. हवेचंही भान ठेवावं लागतं. प्राणवायू फेरसचं फेरिक करतो, दोनास एक हे प्रमाण बिघडतं, काळ्यावर तपकिरी झाक येते. म्हणून द्रावणातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडतात. धुताना बीकरखाली चुंबक धरायचा, साका तळाशी खेचला जातो, वरचं पाणी ओतून द्यायचं.

एवढा लहान कण कशाला? चुंबक जवळ असेपर्यंतच तो चुंबकासारखा वागतो. चुंबक दूर केला की त्याचं चुंबकत्व विरतं, म्हणून चुंबकी ओढीपायी कण एकमेकांना चिकटून बसत नाहीत. तरी उघडे कण गोळा होऊ पाहतातच. मासार यांनी त्यांच्या पृष्ठभागावर एकाच जातीचा विद्युतभार आणला, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहिले. या साऱ्या खटाटोपातली ही युक्ती मला सर्वांत देखणी वाटते.

करोनाच्या चाचण्यांत अनेक प्रयोगशाळांनी नमुन्यातला आरएनए चुंबकी मण्यांनी वेगळा काढला. त्या मण्यांच्या पोटात लोखंडाचं हेच ऑक्साइड असतं.