गंजाची किंमत

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

गेल्या वर्षी सहलीच्या निमित्ताने हैदराबादला जाण्याचा योग आला. सालारजंग संग्रहालयात शिरताच आमच्या मंडळींनी तेथील सुप्रसिद्ध घड्याळाकडे धाव घेतली. मी मात्र जपानी वस्तूंपाशी रेंगाळलो. तेथे काचेआड जपानी तलवारी मांडलेल्या आहेत. आमचे एक सर शेजारी उभे होते. ते म्हणाले, "जपानी संग्राहक पाते आरशासारखे लखलखीत ठेवतो, पण मुठीच्या आतल्या गंजाला हात लावत नाही. त्या गंजालाच किंमत असते."

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे विचित्र वाटणारच. वस्तू जुनी झाली, गंजली, की तिच्यावर घसारा धरावा, असे आम्ही शिकतो. येथे तर उलटाच हिशेब! शिवाय त्या वाक्याने घरची एक जुनी गोष्ट आठवली आणि मी चपापलो. ती शेवटी सांगेन. परत आल्यावर या विषयावर मिळेल ते वाचले. त्यातले जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम तलवार कशी घडते ते पाहू. लोखंडाची वाळू आणि लोणारी कोळसा मातीच्या भट्टीत तीन दिवस, तीन रात्री जाळून जे पोलाद मिळते त्याला 'तामाहागाने' म्हणतात. लोहार ते ठोकतो, दुमडतो, पुन्हा ठोकतो. त्यामुळे आतला मळ निघून पोलाद एकजीव होते. मग पाणी देण्याची वेळ येते. आपल्याकडेही कोयत्याला पाणी देतात. पण जपानी लोहार त्याआधी पात्यावर मातीचा लेप चढवितो, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ. तापलेले पाते पाण्यात बुडविले की धार झटकन निवून कठीण होते. पाठ सावकाश निवते व चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर पांढुरकी लहर उमटते. तिला 'हामोन' म्हणतात. जाणकार ती लहर पाहून घराण्याचा, काही वेळा खुद्द कारागिराचाही अंदाज बांधतो.

आता मुठीकडे वळू. मूठ बांबूच्या एका खुंटीवर अडकविलेली असते. खुंटी काढली की मूठ सुटते आणि पात्याचे आत दडलेले शेपूट दिसते. त्याला 'नाकागो' म्हणतात. लोहार आपले नाव, क्वचित गाव व साल येथेच कोरतो. कानशीच्या रेघा, खुंटीची भोके आणि शतकानुशतके साचलेला काळसर गंज, हा सारा त्या तलवारीचा जन्मदाखलाच होय. कोरलेले नाव खोटे असू शकते. सतराव्या शतकातील कोतेत्सु या लोहाराच्या नावाच्या इतक्या नकला झाल्या, की ते नाव दिसताच संग्राहक आधी संशयच घेतो. गंजाची नक्कल मात्र तितकी सोपी नाही. म्हणूनच एखाद्या अजाण मालकाने शेपूट घासून चकचकीत केले, की पुरावा गेला आणि त्याबरोबर किंमतही गेली. तो गंज पैसे देऊन परत आणता येत नाही.

पारख करणे हाही तेथे जुना व्यवसाय आहे. होनआमी घराणे पिढ्यान्‌पिढ्या तलवारी पारखीत असे आणि आपला निर्णय घडी घातलेल्या कागदावर लिहून देत असे. त्या कागदाला 'ओरिगामी' म्हणत. आजही जपानी भाषेत खात्रीच्या वस्तूला वा माणसाला 'ओरिगामीसह' असे म्हणतात.

१८७६ साली जपान सरकारने सैनिक, पोलीस वगळता इतरांना तलवार बांधून हिंडण्यास बंदी केली. सामुराईंच्या घरच्या तलवारी बाजारात आल्या आणि कित्येक युरोप-अमेरिकेत गेल्या. याहून मोठे संकट १९४५ मध्ये आले. युद्धात जपान हरला आणि दोस्त सैन्याने शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढला. असंख्य तलवारी नष्ट झाल्या; असंख्य सैनिकांनी आठवण म्हणून घरी नेल्या. तेव्हा होन्मा जुंजी व त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी अधिकाऱ्यांना पटविले, की सगळ्याच तलवारी शस्त्र म्हणून मोजू नयेत. काही कलाकृती आहेत. त्यामुळे उरलेल्या वाचल्या. १९४८ मध्ये कलात्मक तलवारींच्या जतनासाठी संस्था स्थापन झाली. तिचे संग्रहालय टोकियोत आहे. आज तेथे प्रत्येक जुन्या तलवारीला नोंदणीपत्र असते. त्यावर लांबी, बाक, भोके, कोरलेले नाव यांची नोंद असते. तलवार विकली की पत्रही तिच्याबरोबर जाते आणि नव्या मालकाला वीस दिवसांत कळवावे लागते.

अमेरिकेत गेलेल्या तलवारींची एक गोष्ट मला फार आवडली. डॉ. वॉल्टर कॉम्प्टन या अमेरिकन संग्राहकाने एक तलवार विकत घेतली. ती कागोशिमा येथील तेरुकुनी मंदिराची हरवलेली तलवार, कुनिमुने या लोहाराची आणि जपानची राष्ट्रीय ठेव निघाली. कॉम्प्टन यांनी १९६३ साली ती मोबदला न घेता परत केली. खातेवहीच्या भाषेत हे निव्वळ नुकसान होय. पण आज त्यांचे नाव निघते ते या व्यवहारामुळेच.

बंदुका आणि चिलखते यांनाही हाच न्याय लागू आहे. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर तोड्याची बंदूक तानेगाशिमा बेटावर पोहोचली. लोहारांनी तिच्या नकला केल्या आणि बंदुकीलाच 'तानेगाशिमा' नाव पडले. आपल्या शेजारचा गोवा १५१० पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. जपानी बंदुकीच्या चापाची रचना गोव्यात घडलेल्या बंदुकांशी जुळते, असे काही अभ्यासक मानतात. आता चिलखत घ्या. लोखंडाचे वा चामड्याचे छोटे तुकडे लाखेसारख्या रोगणाने रंगवून रेशमी दोरीने ओवलेले असतात. बाजारात शिरस्त्राण एकाचे, छाती दुसऱ्याची अशी जुळवाजुळव बरीच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचा शस्त्रविभाग उभारणारे बॅशफर्ड डीन मूळचे मत्स्यशास्त्रज्ञ. माशाच्या खवल्यांकडे पाहणारा माणूस चिलखताच्या खवल्यांकडे वळला, यात नवल ते काय!

आता घरची गोष्ट. आमच्या घरी माळ्यावर एक तलवार आहे. खंडेनवमीला ती खाली काढून तिची पूजा होते. मी दहावीत असताना पूजेच्या आदल्या दिवशी मोठ्या उत्साहाने काचकागद घेऊन बसलो आणि दुपारभर घासून पाते चांदीसारखे केले. सगळ्यांनी शाबासकी दिली. आजोबा आले, मुठीजवळ पात्यावरून बोट फिरवीत राहिले आणि म्हणाले, "अरे, इथं अक्षरं होती की!" ती मोडी होती की कानडी, हे त्यांनाही वाचता येत नव्हते, त्यांच्या वडिलांना येत होते म्हणे. आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. आपल्या भागात दोन्ही लिप्या नांदल्या. त्या चार-सहा अक्षरांतून आमच्या घरी ती तलवार कोठून आली हे कदाचित कळले असते. आता कळणार नाही.

मित्रहो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी वस्तू असेल. काचकागद, चिंच, विटेचा भुगा यांपासून तिला दूर ठेवा. उघड्या बोटांनी पात्याला स्पर्श करू नका. घामाने गंज धरतो. स्वच्छ मऊ कापडाने पुसून तेलाचा हलका हात फिरवा, अक्षरे असतील तर त्यांचे छायाचित्र काढा आणि इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना काय आठवते तेही विचारून लिहून ठेवा.

सहलीहून आल्यावर मी आजोबांशेजारी बसून आमच्या तलवारीचे एक नोंदणीपत्र तयार केले. लांबी मोजली, बाक मोजला, मुठीवरची नक्षी काढली. 'अक्षरे' या रकान्यात लिहिले आहे : होती. मुठीजवळ, उजव्या बाजूस. दहावीच्या वर्षी मी घासून काढली.