वैशाखाचें ऊन व्यर्थ कां दवडावें?

गडचिरोलींत व चंद्रपूरच्या पूर्वभागांत भात हें मुख्य पीक. परंतु ज्या लहान शेतकऱ्यापाशीं विहिरीचें थोडें पाणी आहे, त्याच्या हातीं रोख पैसा येतो तो वांगीं, मिरची व टोमॅटो ह्यांच्याच योगानें. ह्या पिकांचें भवितव्य रोपांच्या वाफ्यांत ठरतें. काल हिरवीगार दिसणारीं रोपें आज जमिनीलगत कुजून आडवीं पडतात. मग कोणी नजर लागली म्हणतो, कोणी दैवास बोल लावितो. आमचें म्हणणें असें कीं, हा दोष दैवाचा नव्हे. ओल्या मातींत वाढणाऱ्या पिथियम, रायझोक्टोनिया इत्यादि बुरशीवर्गीय जीवांचा हा प्रताप होय.

हें ज्ञान नवें नाहीं. पिथियमचा विशेष अभ्यास केलेले पुसा येथील संशोधक एडविन बटलर ह्यांचा वनस्पतिरोगांवरील ग्रंथ १९१८ सालींच प्रसिद्ध झाला. शंभरांवर वर्षें लोटलीं, तरी ग्रंथांतील ज्ञान वाफ्यापर्यंत पोंचूं नये, ह्यास काय म्हणावें?

उपाय खर्चाचे नाहींत. वाफा १५ सेंटीमीटर उंच करावा, म्हणजे पाणी तुंबत नाहीं. बीं ओळींत विरळ पेरावें. पाणी सकाळीं व बेताचें द्यावें. पेरणीपूर्वीं दर किलो बियाण्यास ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावें. मर दिसतांच मेलेलीं रोपें उपटून दूर न्यावींत आणि १० लिटर पाण्यांत २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून मुळांशीं ओतावें. पडलेलें रोप मात्र कोणतेंही औषध उठवीत नाहीं. म्हणून खरें काम पेरणीआधींचेंच.

आणि त्या कामास आमच्यापाशीं फुकटचें साधन आहे. उन्हाळ्यांत येथें पारा ४५ अंशांवर चढतो. भिजविलेल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरून, कडा मातीनें बुजवून, चैत्र-वैशाखांत चार ते सहा आठवडे ठेविल्यास आंतील उष्णतेनें बहुतेक बुरशी मरते. इस्रायलांत काटान ह्यांनीं ही रीत १९७६ सालीं जगापुढें मांडली. ज्या उन्हास आम्ही शिव्या देतों, तेंच आमचें औषध आहे!

आमच्या व्यापारी बंधूंस एवढेंच सांगणें कीं, उधारीवर दिलेल्या बियाण्याची वसुली ह्याच वाफ्यावर अवलंबून आहे. पुडीबरोबर चार शब्दही द्या. आणि सिंदेवाहीच्या कृषि संशोधन केंद्रासारख्या संस्थांनीं हें ज्ञान आठवडी बाजारांत न्यावें. गोंडी बोलणाऱ्या गांवीं तें गोंडींतच सांगावें. ज्ञान लोकांच्या भाषेंत गेलें नाहीं, तर तें असून नसल्यासारखेंच होय.