करार कोटींचे, कारकीर्द चार दिवसांची

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुला-मुलींकडे चार-सहा महिने राहून आलेली आपल्यातील वडीलधारी मंडळी तिकडच्या ज्या गोष्टींचे नवल घेऊन परततात, त्यांत नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंगचा गुरुवार बहुधा असतोच. घरोघर मेजवानी चाललेली असते आणि बैठकीच्या खोलीत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर शिरस्त्राणे घातलेले धिप्पाड गडी एकमेकांवर आदळत असतात. डेट्रॉइट शहरात १९३४ पासून आणि डॅलसला १९६६ पासून, मधला थोडा खंड सोडला तर, त्या दिवशी सामना होत आला आहे. पाहुण्यांना तेव्हा दोन प्रश्न पडतात. चेंडूला पाय क्वचितच लागत असता या खेळास फुटबॉल का म्हणावे, हा पहिला. तो आज बाजूस ठेवू. या गड्यांना मिळणारे कोट्यवधी डॉलर त्यांच्या योग्यतेचे आहेत काय, हा दुसरा. त्याचा थोडा खोलात जाऊन विचार करावा, असे आम्हांस वाटते.

इंदूर-बडोद्याच्या वाचकाला हा विषय अगदीच परका वाटू नये. होळकर दरबाराने सी. के. नायडू यांना सैन्यात हुद्दा देऊन इंदुरास आणले. विजय हजारे बडोद्याच्या आश्रयास राहिले. खेळाडूला पोसले पाहिजे हे आपल्या संस्थानिकांनी केव्हाच मान्य केले होते. मात्र तो हिशेब दरबारच्या चोपडीत राही. अमेरिकेत प्रत्येक कराराचा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापला जातो आणि चव्हाट्यावर त्याची चर्चा होते.

या धंदेवाईक फुटबॉलची प्रमुख संघटना नॅशनल फुटबॉल लीग ही १९२० साली ओहायो राज्यातील कँटन गावी, निराळ्या नावाने, स्थापन झाली. आज तिच्यात ३२ संघ आहेत. पैशाचा पहिला मोठा गवगवा झाला तो १९६५ साली. प्रतिस्पर्धी लीगमधील न्यूयॉर्क जेट्सने जो नेमथ या तरुणाला ४ लाख २७ हजार डॉलर देऊ केले आणि सारा देश थक्क झाला. दोन संघटना एकाच गड्यावर बोली लावीत होत्या म्हणून ते घडले. पुढच्याच वर्षी दोहोंनी विलीनीकरणाचा करार केला आणि बोली थंडावली. त्यानंतर सुमारे पाव शतक खेळाडूला आपल्या मर्जीने संघ बदलणे जवळजवळ अशक्य होते. १९८२ मध्ये ५७ दिवसांचा संप झाला. १९८७ च्या संपात मालकांनी चक्क बदली गडी उभे करून सामने खेळवले. अखेर १९९२ साली न्यायालयात खेळाडूंची सरशी झाली आणि १९९३ मध्ये तडजोड झाली. खेळाडूंना संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. मालकांना मिळाली वेतनमर्यादा.

ही वेतनमर्यादा नीट समजून घेतल्याखेरीज पुढचे काहीच उलगडणार नाही. प्रत्येक संघाने एका वर्षात खेळाडूंवर किती खर्च करावा याची सीमा ठरलेली असते. १९९४ साली ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाखांवर गेली. म्हणजे एकाला जे जास्त दिले, ते उरलेल्या बावन्नांच्या ताटातून निघते. आपल्याकडे पंगतीत श्रीखंड मोजकेच असले की वाढप्याचा हात पहिल्या पानावर सैल सुटता कामा नये, तसेच हे. ‘खेळाडूला फाजील पैसा’ ही तक्रार इतर ठिकाणी केवळ नीतीची असते. येथे ती हिशेबाचीही आहे, कारण फाजील पैशाची झळ संघाच्या यशाला बसते.

जामार्कस रसेल याचे उदाहरण अजूनही दिले जाते. २००७ साली ओकलंड संघाने नवोदितांच्या निवडीत, ज्याला तिकडे ड्राफ्ट म्हणतात, त्याला सर्वांत आधी उचलले. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, डाव आखणारा, संघाचा कणा. सहा वर्षांचे ६ कोटी १० लाख डॉलर ठरले, त्यांतले ३ कोटींहून अधिक हमीचे. कराराच्या घासाघिशीत सरावाचा महिना वाया गेला. तीन हंगामांत त्याने २५ सामने सुरुवातीपासून खेळले आणि त्यांतले सात जिंकून दिले. २०१० च्या मे महिन्यात संघाने त्याला निरोप दिला.

अल्बर्ट हेन्सवर्थ तर आधीच नावारूपाला आलेला, आडदांड बचावपटू. २००९ साली वॉशिंग्टन संघाने त्याच्याशी सात वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार केला, हमी ४ कोटी १० लाखांची. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये २ कोटी १० लाखांचा हप्ता त्याच्या पदरात पडला आणि मग हंगामापूर्वीच्या सरावाला गृहस्थ फिरकेनात. शिबिरात नव्या प्रशिक्षकाने धावण्याची परीक्षा ठेवली. ती पार करण्यास त्याला दहा दिवस लागले. हंगामाच्या अखेरीस चार सामन्यांसाठी निलंबन झाले आणि २०११ मध्ये पाचव्या फेरीच्या एका निवडीच्या मोबदल्यात त्याची पाठवणी झाली. वॉशिंग्टनकडून तो एकंदर २० सामने खेळला. पण करार लिहिताना त्याला कोणी फसवे आश्वासन देण्यास भाग पाडले नव्हते. अशा प्रसंगी आम्ही घेणाऱ्याइतकाच देणाऱ्याचाही विचार करतो.

देणारे का चुकतात, याचा अभ्यास झालेला आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) यांनी या ड्राफ्टच्या निवडींचा हिशेब मांडला. पहिल्या क्रमांकांच्या गड्यांचे मोल संघ फार वाढवून धरतात, आणि खर्च व खेळ यांचा ताळेबंद काढल्यास पहिल्या फेरीच्या अखेरचे व दुसऱ्या फेरीचे गडी अधिक फायद्याचे ठरतात, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्याला माणूस ओळखता येतो, हा मोठ्या धनिकांचा आवडता भ्रम असावा.

रसेलसारख्या प्रकारांचा परिणाम असा झाला की, २०११ च्या करारात नवोदितांचे वेतन क्रमांकानुसार बांधून टाकले गेले. २०१० साली पहिला निवडलेला सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख मिळाले होते, हमी ५ कोटींची. एकाच वर्षाने पहिला आलेला कॅम न्यूटन याला चार वर्षांचे २ कोटी २० लाख मिळाले. खेळाडूंच्या युनियननेही हे मान्य केले, कारण एक सामनाही न खेळलेल्या पोराच्या पानात पडणारे श्रीखंड जुन्या गड्यांच्या वाट्याचे होते.

एक दार बंद झाले, तरी दुसरे उघडेच राहिले. क्लीव्हलँड संघाने २०२२ साली डेशॉन वॉटसन याच्यासाठी ह्यूस्टनला पहिल्या फेरीच्या तीन निवडी व आणखी काही दिले आणि त्याच्याशी पाच वर्षांचा २३ कोटी डॉलरचा, पै न् पै हमीचा, करार केला. त्या वेळी वीसाहून अधिक स्त्रियांनी त्याच्यावर गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले होते. त्याने आरोप नाकारले, टेक्सासमध्ये फौजदारी खटला उभा राहिला नाही. परंतु लीगने त्याला ११ सामन्यांचे निलंबन आणि ५० लाखांचा दंड केला. पहिल्या वर्षीचे मूळ वेतन अवघे दहा लाखांच्या घरात ठेवलेले असल्यामुळे निलंबनाची तोशीस त्याला फारशी लागली नाही. पहिल्या तीन हंगामांत मिळून तो १९ सामने खेळला. २०२५ मध्ये मालक जिमी हॅस्लम यांनीच आपला डाव हुकल्याचे जाहीरपणे सांगितले. या प्रकरणात आम्हांस खेळापेक्षा दुसरेच काही अधिक खटकते, आणि घरातील लेकी-सुनांसह ते सामने पाहणाऱ्या क्लीव्हलँडच्या कुटुंबांनाही ते खटकले असेल, यात शंका नाही.

याउलट न्यूयॉर्क जायंट्सची गोष्ट निखळ हिशेबाची आहे. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांच्यापुढे दोन गडी होते: क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स आणि चेंडू घेऊन धावणारा सेक्वॉन बार्कली. जोन्सला चार वर्षांचे १६ कोटी दिले. बार्कलीला एका वर्षापुरते थोपवून ठेवले. धावणाऱ्याचे गुडघे लवकर झिजतात, त्याच्यावर दीर्घ करार करू नये, असा या धंद्यातला अलीकडचा शहाणपणा. २०२४ साली बार्कली शेजारच्या फिलाडेल्फियाला तीन वर्षांच्या सुमारे ३ कोटी ७७ लाखांवर गेला, आणि त्या हंगामात २,००५ यार्ड धावला. त्याच नोव्हेंबरात जायंट्सने जोन्सला मुक्त केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीला ४०–२२ असे हरवून विजेतेपद पटकावले.

आता रसेल विल्सनचा प्रकार. डेन्व्हरने २०२२ मध्ये त्याला पाच वर्षांचे २४ कोटींहून अधिक देऊ केले आणि दीडच वर्षात, नवा करार लागू होण्याच्याही आधी, त्याला सोडून दिले. बुडीत खात्यात ८ कोटी ५० लाख डॉलर गेले, दोन वर्षांच्या वेतनमर्यादेत वाटून. २०२४ साली तो पिट्सबर्गला गेला. पिट्सबर्गने त्याला किमान वेतन, म्हणजे सुमारे १२ लाख दिले. उरलेले ३ कोटी ७० लाखांहून अधिक डेन्व्हरने भरले. सप्टेंबरात पिट्सबर्गचा संघ डेन्व्हरला खेळायला आला, विल्सन दुखापतीमुळे बाकावर बसला होता, आणि पिट्सबर्गने १३–६ असा सामना जिंकला. सोडचिठ्ठी दिलेल्या जावयाला पोटगी द्यावी आणि त्याने नव्या सासरच्यांबरोबर आपल्याच मांडवात जेवायला यावे, असा हा देखावा. गंमत अशी की, त्याच हंगामात बो निक्स या नवख्या, स्वस्त क्वार्टरबॅकने डेन्व्हरला बाद फेरीपर्यंत नेले.

इतके वाचून ‘म्हणजे सारे खेळाडू फुकटखाऊच’ असे कोणी म्हणेल, तर ते आम्हांस मान्य नाही. एक तर वर्तमानपत्रातला आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. हमी नसलेली वर्षे संघ मनात येईल तेव्हा खोडून टाकतो. १० कोटींचा मथळा पुष्कळदा ४ कोटींवर मिटतो. दुसरे असे की, युनियनच्या हिशेबाने सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांचीही भरत नाही. नवख्याचे किमान वेतन २०२५ साली ८ लाख ४० हजार डॉलर होते, ही रक्कम कमी नव्हे. पण ती बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या हाती एकदम येते आणि सव्विसाव्या वर्षी थांबते. १९९६ ते २००३ या काळात निवडलेल्या खेळाडूंचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतर बारा वर्षांच्या आत सुमारे १६ टक्क्यांनी दिवाळे काढले होते, आणि ज्यांनी जास्त मिळवले किंवा जास्त वर्षे खेळले, त्यांचे प्रमाणही त्यापेक्षा फारसे निराळे नव्हते.

शिक्षकांना, परिचारिकांना तुटपुंजा पगार आणि या दांडगटांना कोटी, ही तुलना तिकडेही सर्रास केली जाते. ती भावनेला पटते. परंतु खेळाडूचे वेतन उद्या निम्मे केले, तर उरलेले पैसे शाळेत जाणार नाहीत, मालकांच्या तिजोरीत जातील. २०२१ साली दूरचित्रवाणीशी झालेले अकरा वर्षांचे करार सुमारे ११,००० कोटी डॉलरचे आहेत. उत्पन्नाचा सुमारे ४८ टक्के वाटा खेळाडूंचा, हे २०२० च्या करारात लिहिलेले आहे. (आपल्या आयपीएलशी ताडून पाहावे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण-हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. २०२५ साली दहा संघांनी खेळाडूंवर खर्च करावयाची रक्कम प्रत्येकी १२० कोटी होती. सामन्यागणिकचे मानधन धरूनही खेळाडूंचा वाटा केवळ प्रक्षेपणाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सातव्या हिश्शाच्या आत राहतो. ऋषभ पंतचे २७ कोटी पाहून डोळे विस्फारणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करावा.) वॉशिंग्टनचा संघ १९९९ मध्ये ८० कोटी डॉलरला घेतला गेला आणि २०२३ मध्ये ६०५ कोटींना विकला गेला, त्या चोवीस वर्षांत संघाने एकदाही विजेतेपद मिळवले नाही. करदात्याच्या खिशाला हात लागतो तो मैदाने बांधताना: लास व्हेगासच्या मैदानाला ७५ कोटी, बफेलोच्या नव्या मैदानाला ८५ कोटी डॉलर सार्वजनिक पैशांतून मंजूर झाले. शिक्षकांची आठवण तेथे काढावयास हवी.

शरीराची किंमत तर कोणत्याच करारात बसत नाही. पिट्सबर्गचा माइक वेब्स्टर चार वेळा विजेत्या संघात होता. निवृत्तीनंतर स्मृती आणि संसार दोन्ही विसकटले, काही रात्री त्याने आपल्या गाडीत झोपून काढल्या, आणि २००२ साली पन्नासाव्या वर्षी तो गेला. त्याच्या मेंदूची तपासणी करणारे डॉ. बेनेट ओमालू यांनी वारंवारच्या आघातांनी होणारा विकार ओळखून २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला. २०१७ साली या लीगमधील १११ मृत खेळाडूंच्या दान केलेल्या मेंदूंपैकी ११० मध्ये तो विकार आढळला. दान बहुधा आजारी असलेल्यांच्याच कुटुंबीयांनी केलेले असते, तेव्हा हे प्रमाण सर्वांना लावता येत नाही; तरीही आकडा वाचून हात थबकतो. रसेलला मिळालेले कोटी आणि वेब्स्टरला न मिळालेला औषधोपचार एकाच खेळातले आहेत.

राहता राहिला ब्रॉक पर्डी. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तो २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडला गेला. शेवटच्या गड्याला तिकडे थट्टेने ‘मिस्टर इररेलेव्हंट’, म्हणजे कामाचा नसलेला, म्हणतात. २०२३ मध्ये ८ लाख ७० हजार डॉलरच्या मूळ वेतनावर त्याने सॅन फ्रान्सिस्कोला अंतिम सामन्यापर्यंत नेले. फेब्रुवारी २०२४ मधील तो सामना त्यांनी २५–२२ असा गमावला. पर्डी स्वस्त होता, म्हणून भोवताली महागडे गडी उभे करता आले होते. मे २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांचे २६ कोटी ५० लाख मिळाले. त्याच वसंतात, करारावर सही होण्यापूर्वीच, डीबो सॅम्युअल वॉशिंग्टनला, आणि बचावफळीतील ड्रे ग्रीनलॉ व तलानोआ हुफांगा डेन्व्हरला गेलेले होते.