शिट्टीपूर्वीचा न्याय

लहान मुलांचे फुटबॉलचे सामने भरविणे ही किरकोळ बाब आहे, मोठ्यांच्या सामन्याचा सारा दस्तूर जसाच्या तसा ठेवून वेळ तेवढा कमी केला की भागते, ही समजूत आपल्या शाळांतून आणि क्रीडामंडळांतून इतकी दृढमूल झालेली आहे की, तिसरी-चौथीतल्या मुलांसाठीही अकरा-अकरा गडी, पुरे मैदान, चोवीस फुटी गोलपोस्ट आणि गळ्यात शिट्टी अडकविलेला एक पंच एवढी सामग्री जमली म्हणजे सामना कायदेशीर झाला आणि निःपक्षपाती पंचामुळे तो न्याय्यही झाला, असे समाधान संयोजक निःशंकपणे मानून घेतात. पंच निःपक्षपाती असावा याबद्दल वाद नाही. परंतु प्राथमिक शाळेतील मुलांच्या सामन्यात न्यायाचा फार मोठा हिस्सा शिट्टी वाजण्यापूर्वीच, मैदान आखताना आणि संघ पाडताना, ठरून गेलेला असतो, आणि तिथे झालेला अन्याय पुढे कोणताही पंच निवारू शकत नाही.

अकरा जणांचा खेळ तोच खरा फुटबॉल, त्यात काटछाट करणे म्हणजे नियमभंग, हा सर्वांत वजनदार गैरसमज. फुटबॉलचे नियम १८८६ साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय नियममंडळ ठरविते, आणि त्याच मंडळाच्या पुस्तकात मुलांच्या सामन्यांसाठी मैदानाचा आकार, चेंडूचे माप व वजन, गोलची रुंदी व उंची आणि खेळाचा कालावधी यांत फेरफार करण्याची, तसेच एकदा बाहेर काढलेल्या खेळाडूस पुन्हा आत घेण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिलेली आहे. ज्या कायद्याचा हवाला देऊन आपण आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शंभर मीटरांच्या मैदानावर पळवितो, तो कायदा स्वतः इतका कर्मठ नाही.

यात गणिताचाही एक मुद्दा आहे, आणि तो चौथीतला मुलगाही सोडवील. चाळीस मिनिटांच्या सामन्यात चेंडू क्षणभरही बाहेर गेला नाही आणि तो सर्वांच्या वाट्याला सारखाच आला असे धरले, तरी बावीस जणांत प्रत्येकाच्या पायाशी तो दोन मिनिटेही राहत नाही. दहा जणांत हीच वाटणी चार मिनिटांची होते. प्रत्यक्षात वाटणी सारखी कधीच नसते. दोन-तीन दांडगी मुले चेंडूमागे धावतात, बाकीची घोळका करून त्यांच्यामागे धावतात, आणि लांबच्या कोपऱ्यात बचावासाठी उभा केलेला एखादा मुलगा बुटाच्या टोकाने मातीत रेघोट्या ओढीत राहतो. ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून क्रीडाशिक्षक त्याला दरडावतात. वास्तविक अर्ध्या तासात चेंडू त्याच्याकडे एकदाही फिरकलेला नसतो. मँचेस्टर युनायटेडच्या बालविभागात आठविरुद्ध आठ आणि चारविरुद्ध चार अशा सामन्यांची तुलना करण्यात आली, तेव्हा लहान संघांच्या खेळात पास, प्रतिस्पर्ध्याला चकविण्याचे प्रसंग, गोलवरचे फटके आणि प्रत्यक्ष गोल या सर्वांचेच प्रमाण कितीतरी अधिक आढळले.

कोल्हापुरात तरी हे पटवून देणे अवघड जाऊ नये. तेथील फुटबॉलचे अनेक नामांकित संघ तालमींच्या नावाने खेळतात, पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम ही नावे तर सर्वतोमुखी आहेत, आणि आखाड्याच्या हौद्यात आयुष्य काढलेल्या कोणाही वस्तादाला हे उपजतच ठाऊक असते की, कुस्तीतील पहिला न्याय जोड लावण्यात असतो. पोराची जोड पोराशीच लागते. त्याला कसलेल्या पहिलवानापुढे उभे करून ‘पंच चोख आहे, मग तक्रार कसली?’ असे कोणी विचारीत नाही. हा विवेक आखाड्यातून शाळेच्या पटांगणात येताना वाटेत कुठे सांडतो, एवढेच कळत नाही.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०१२ साली जी रचना मंजूर केली, तीत आठ वर्षांखालील मुले पाच-पाच, दहा वर्षांखालील सात-सात आणि बारा वर्षांखालील नऊ-नऊ अशी चढती भाजणी ठरविली. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून याहूनही लहान संघ, लहान मैदाने आणि अगदी धाकट्यांसाठी चार-चार छोटे गोल ही पद्धत सर्वत्र लागू केली. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ साली सुरू केलेल्या ‘गोल्डन बेबी लीग’मध्येही लहान संघांचा आणि मुलामुलींनी एकत्र खेळण्याचा पुरस्कार होता, तेव्हा ही विलायती थेरे आहेत असे म्हणण्याचीही सोय राहिलेली नाही.

‘जागा कोठून आणावी?’ हा आक्षेप तर उलट दिशेने लागू पडतो. पाच-पाच जणांच्या खेळाला सुमारे ३७ मीटर लांब आणि २७ मीटर रुंद एवढी जागा पुरते, म्हणजे १०० बाय ६४ मीटरच्या एका पुऱ्या मैदानात, मध्ये ये-जा करण्यास ऐसपैस वाटा सोडूनही, फक्कीने चार मैदाने सहज आखता येतात. जेथे बावीस मुले खेळत होती आणि उरलेला वर्ग कडेला बसून टाळ्या वाजवीत होता, तेथे एकाच वेळी चाळीस मुले खेळू लागतात. गोलपोस्ट नसतील तर बांबू रोवावेत, तेही नसतील तर दप्तरे ठेवावीत. मोठ्यांचा गोल मात्र कदापि नसावा. २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच चौकटीत जेमतेम चार फूट उंचीचा गोलरक्षक उभा करणे, त्याने हात ताणून उडी घ्यावी आणि चेंडू त्याच्या बोटांच्या हातभर वरून निघून जावा, आणि मग सवंगड्यांनी त्याच्यावर ओरडावे, हा प्रकार शिक्षेच्या सदरात मोडतो. १२ फूट बाय ६ फुटांच्या गोलमध्ये तोच मुलगा चेंडू अडवू लागतो आणि पुढच्या वेळी आपण होऊन गोलमध्ये उभा राहतो. चेंडूही तीन नंबरचा असावा. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम भरतो, आणि पावसाळ्यात चिखल चिकटल्यावर तो मुलांना पायाने ढकलणेही जड जाते.

सर्व मुलांना सारखा वेळ खेळविणे हा चांगल्या खेळाडूंवर अन्याय आहे, असे मानणारे पालक सहसा चांगल्या खेळाडूंचेच असतात, हा योगायोग नसावा. राखीव म्हणून आणलेला आणि सामना संपेपर्यंत राखीवच राहिलेला मुलगा घरी जाऊन काय सांगतो, याची चौकशी संयोजकांनी एकदा करावी. बदलीवर मर्यादा न ठेवता दर पाच-सात मिनिटांनी गडी फिरवीत राहण्याची तजवीज केली, आणि त्याची नोंद शिक्षकांच्या लहरीवर न सोडता एका कागदावर ठेवली, तर हा कज्जा मुळात उद्भवतच नाही.

गुणतक्ता नसला तर मुले ईर्ष्येने खेळणार नाहीत, ही भीतीही अनाठायी आहे. नॉर्वेने १९८७ साली मुलांच्या क्रीडेसाठी स्वतंत्र नियम केले, आणि मूल अकराव्या वर्षात येईपर्यंत निकालांच्या याद्या, तक्ते व क्रमवारी प्रसिद्ध करण्यास तेथे मज्जाव आहे. त्याच देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ३९ पदके मिळविली. मुले गोल मोजायची थांबत नाहीत. पंचाने गुण लिहिले नाहीत तरी ‘आम्ही तीन, ते दोन’ हा हिशेब त्यांच्या ओठांवर असतो, आणि पाणी पिईपर्यंत तो विसरलेलाही असतो. तो विसरू न देता आठवडाभर जिवंत ठेवण्याचे काम तक्ते, ढाली आणि वडीलधारी मंडळी करतात.

एकतर्फी सामना मात्र मुलांनाही रुचत नाही, अगदी जिंकणाऱ्यांनाही. इंग्लंडमध्ये मुलांच्या सामन्यात चार गोलांचे अंतर पडले की मागे राहिलेल्या संघास एक गडी वाढविण्याची मुभा देण्याचा प्रघात आहे. आपल्या गल्लीतील मुले हे पूर्वापार करीत आलेली आहेत. सामना फारच एका बाजूला झुकला की दोन गडी इकडचे तिकडे करतात, आणि त्यासाठी त्यांना समिती नेमावी लागत नाही.

आठव्या वर्षीच गुण ओळखून ‘अ’ संघ आणि ‘ब’ संघ पाडावेत, हा गैरसमज सर्वांत दूरगामी, कारण त्याचे परिणाम दृष्टीस पडत नाहीत. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो तेव्हा जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. आठ वर्षांच्या वयात हे अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे आयुष्याचा जवळजवळ आठवा हिस्सा होय. उंची, वेग आणि धीटपणा यांत थोरला साहजिकच उजवा ठरतो, त्याची निवड होते, त्याला अधिक सराव मिळतो, आणि मग तो खरोखरच सरस होऊन निवड करणाऱ्यांना आपण अचूक पारखल्याचा प्रत्यय येतो. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासून रॉजर बार्न्स्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हा प्रकार उघडकीस आणला, आणि पुढे फुटबॉलमध्येही तोच आढळला. एके काळी आपल्याकडे गुरुजी वर्गातल्या निम्म्या मुलांची जन्मतारीख दफ्तरी १ जून अशी लावून टाकीत; त्या काळात हा शोध लावणे कोणाही पंडिताला जमले नसते. संघ पाडताना जन्ममहिने आणि अंगलट पाहून मुले मिसळून टाकावीत, आणि दर महिन्याला पुन्हा मिसळावीत, हा त्यावरील साधा इलाज.

डोक्याने चेंडू मारण्याबाबत फार चर्चेचे कारण नाही: अमेरिकेने २०१५ साली दहा वर्षे व त्याखालील मुलांना हेडिंगची बंदी केली, २०२० साली इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथील संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयात त्याचा सराव नको अशी मार्गदर्शक सूचना काढली, आणि पाच-पाच जणांच्या खेळात चेंडू फारसा वर उडत नसल्यामुळे त्यावाचून कोणाचे काही अडतही नाही.

राहता राहिला पंच. मुलांचा पंच कोणीही चालतो, असे धरून हे काम ज्याला दुसरे काही काम नाही त्याच्याकडे सोपविले जाते. वस्तुतः मुलांच्या पंचाला शिट्टी वाजविण्यापेक्षा बोलावे अधिक लागते: थ्रो टाकताना पाय उचलला तर चेंडू प्रतिपक्षास न देता त्याच मुलाला दाखवून पुन्हा टाकू द्यावा, फाउल का दिला हे एका वाक्यात सांगावे, आणि रडणाऱ्या मुलासाठी खेळ थांबविण्यास मुहूर्त पाहू नये. सहावी-सातवीतली मुले हे काम पुष्कळ वेळा उत्तम करतात. अडचण असते ती रेषेवर उभ्या असलेल्या प्रौढांची. ‘मार, मार’, ‘पुढे जा’, ‘मागे ये’ अशा परस्परविरुद्ध हुकमांचा त्यांचा मारा चेंडू पायाशी असलेल्या मुलाला एक क्षणही विचार करू देत नाही. इंग्लंडच्या असोसिएशनने २००८ साली ‘रिस्पेक्ट’ ही मोहीम हाती घेतली, तेव्हा तिच्यातील एक उपाय प्रेक्षकांना मैदानाच्या रेषेपासून मागे, दोरीपलीकडे उभे करण्याचा होता. आपल्याकडे दोरी बांधून पाहण्यास हरकत नाही. ती ओलांडून प्रथम आत येणारे गृहस्थ बहुधा तेच निघतील, ज्यांनी उद्घाटनाच्या भाषणात खिलाडूवृत्तीवर सर्वांत अधिक वेळ घेतला होता.