टाकळ्याचा वाटा



जूनचा पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, की कल्याण स्टेशनाबाहेर मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी मायबहिणी रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. टाकळा, शेवळं, फोडशी, भारंगी, कुर्डू आणि थोड्या उशिराने कंटोळी. ऑफिस सुटून लोकलच्या गर्दीतून चेंगरून बाहेर पडलेल्या माणसाला त्या ओल्या हिरव्या वाट्यांकडे नुसते पाहूनही बरे वाटते. फायलींत मान घालून बसणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनाला ऋतू बदलल्याची पहिली वर्दी तिथेच मिळते. कॅलेंडर नंतर.

तर यंदा आम्ही वीस रुपयांचा टाकळा घेतला. घरी भाजी झाली. दुसऱ्या दिवशी तीच भाजी-भाकरी आठवीतल्या आमच्या मुलीच्या डब्यात गेली. संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत. विचारले तर आधी बोलेना. मग म्हणाली, "पप्पा, असली भाजी डब्यात देऊ नका. सगळ्या हसतात. तुमच्याकडे गवत खातात का, म्हणतात."

खरे सांगायचे तर आम्हाला उत्तर सुचले नाही. स्टेजवर स्वाभिमानावर अर्धा तास बोलता येते, पण घरात पोरीच्या डोळ्यांत पाणी आले की भाषण कामाला येत नाही. आम्ही सरळ म्हणालो, "बरं, उद्यापासून बटाटा देऊ."

आमची आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. सत्तरीची आहे, मोतीबिंदूने नजर अधू झाली आहे. ती म्हणाली, "तरोटा हाय तो. गवत न्हाई."

आमचे मूळ गाव मराठवाड्यात. तिकडे टाकळ्याला तरोटा म्हणतात. 1972 च्या दुष्काळात आई सतरा वर्षांची होती. खडी फोडायला जायची, सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढायची. पुढच्या वर्षी पाऊस पडला तेव्हा पेरलेले काहीच हाती यायचे होते. सर्वांत आधी उगवला तो तरोटा. कुणी पेरला नाही, कुणी पाणी दिले नाही. आमच्या लोकांना जमीन नव्हती. दुसऱ्याच्या रानात खुरपणीला गेलेल्या बाया जाताना तरोटा, घोळ, पाथरी ओट्यात भरून आणायच्या. मीठ-मिरची-लसूण, असला तर शेंगदाण्याचा कूट. त्यावर घरे जगली. आई हे रडत सांगत नाही, हसतच सांगते. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक 2015 साली आले, तेव्हा कुठे आपल्या घरचे ताट पुस्तकात आले असे आम्हाला वाटले. त्याआधी पाककृतींच्या पुस्तकांत आम्ही ते शोधून थकलो होतो.

मुलगी ऐकत होती, बोलली काही नाही. पण दोन दिवसांनी तिने जुन्या वहीच्या कोऱ्या पानांची एक वही शिवली. स्टेशनावरून येणाऱ्या प्रत्येक भाजीचे एक पान त्यात चिकटवायचे आणि बाजूला नाव लिहायचे, विकणारी मावशी म्हणते ते आणि आजी म्हणते तेही. आजीला नीट दिसत नाही, म्हणून ती पान बोटांनी चाचपून, चुरगाळून वास घेऊन ओळखते. टाकळा तर वासावरच ओळखू येतो. कच्चा असताना उग्र, शिजला की तो वास जातो. चाळीमागच्या भिंतीलगत टाकळाच टाकळा माजला आहे. रात्री बॅटरी घेऊन पोरगी तिथे गेली आणि धावत परत आली. टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात, अंधार पडला की त्या समोरासमोर मिटतात. चाळीस वर्षे टाकळा खाऊन आम्हाला हे ठाऊक नव्हते! (तिथला टाकळा मात्र आम्ही खात नाही. बाजूला गटार आहे. ओळख पटल्याशिवाय आणि जागा बघितल्याशिवाय कुणीही भाजी खुडू नये.)

शेवळ्याच्या पानावर आमचीही एक फजिती नोंदली आहे. शेवळं घेताना मावशी म्हणाली, "दादा, काकडं पन घ्या, नाय तं खाजंल." बी.कॉम. झालेल्या माणसाने हिशेब केला आणि दहा रुपये वाचवले. रात्री घरभर घसा खाजवत बसलो. शेवळ्याचा आतला पिवळा भाग काढून टाकायचा असतो आणि काकडं किंवा चिंच घालावीच लागते, हे दहा रुपयांपेक्षा महाग ज्ञान. भारंगी कडू, तिची पाने उकळून पाणी ओतून द्यायचे. हे सगळे त्या बायांना तोंडपाठ आहे, आणि आपण त्यांच्याशी पाच रुपयांवरून घासाघीस करतो.

आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू झाला. विनयपिटकात नोंद आहे, की पावसाळ्यात भिक्खू फिरताना कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा तथागतांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. हे ऐकून मुलीने हळूच विचारले, "त्यात तरोटा असेल का?" आम्ही म्हणालो, असेल.

डब्यात टाकळा परत गेला का? एकदा गेला, चण्याची डाळ घालून. तिने आपणहून मागितला. किती खाल्ला आणि कुणी हसले का, ते आम्ही विचारले नाही. डबा रिकामा आला एवढे खरे.

आश्विन पौर्णिमेपर्यंत भिंतीलगतच्या टाकळ्याला पिवळी फुले येऊन गेली आणि बारीक, वाकड्या शेंगा लागल्या. मुलीने वाळलेली एक शेंग वहीसाठी आणली. आईने ती हातात घेतली, नखाने फोडली, बिया तळहातावर घेतल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या.

"आजी, वहीसाठी होती ती!"

"दुसरी आन. ह्या गावाकडं न्यायच्यात."

आम्ही हसलो. म्हटले, आई, गावात तरोट्याला काय तोटा?

"सोयाबीन झाल्यापून तणनाशक मारतेत," आई म्हणाली. "बांधावर बी काही ऱ्हाईना."