खेळांचे खाते : एका आजोबांचा जमाखर्च

चातुर्मासातील एका रविवारी मंदिरातून बाहेर पडताना परिचयाच्या एका भगिनीने मला थांबवून विचारले, "काका, तुम्ही बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. आमच्या मुलाला मोबाईलवरच्या खेळांपासून कसे सोडवावे, ते सांगा ना." मी म्हणालो, "ताई, आधी एक कबुली देतो. ते खेळ मीही खेळतो." त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. त्या दिवशी उभ्या उभ्या देता न आलेले उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न करीत आहे.

माझा या खेळांशी संबंध जुना आहे. नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत संगणक आले, तेव्हा माउस हाताळण्याचा सराव आम्ही 'सॉलिटेअर' या पत्त्यांच्या खेळावरच केला. पुढे नोकियाचे फोन आले आणि त्यांतील 'स्नेक'ने धाराशिव ते सोलापूर हा एसटीचा प्रवास सुसह्य केला. निवृत्तीनंतर नातवाने शिकविले आणि मी लुडोपासून नेमबाजीपर्यंत बरेच काही खेळून पाहिले. त्यामुळे पुढील मते ऐकीव नाहीत, हाताने खेळून बनलेली आहेत.

आपण व्यापारी माणसे. एखाद्या पक्षाशी व्यवहार ठेवावा की नाही, हे आपण त्याच्या दुकानाच्या पाटीवरून नव्हे, खतावणीतील त्याच्या पानावरून ठरवितो. खेळाचेही असेच खाते उघडावे, असे मला वाटते. नावे बाजूला तीन रकमा पाहाव्यात : खेळ आपला वेळ किती घेतो, धन किती घेतो आणि मनाचा भाव कसा करून सोडतो. जमा बाजूला तो काय देतो, ते लिहावे. मग 'मोबाईलचे खेळ वाईट' असे सरसकट म्हणण्याची गरज उरत नाही.

प्रथम वेळ. 'स्नेक'मधील साप स्वतःच्याच शेपटीवर आपटला की डाव संपे आणि आपण फोन खिशात ठेवत असू. सॉलिटेअरचा डाव लागे किंवा अडे. दोन्ही प्रकारे त्याला शेवट होता. २०१२ साली आलेला 'कँडी क्रश सागा' निराळ्या घडणीचा आहे. रंगीत गोळ्या जुळविण्याचा हा खेळ दिसायला निरुपद्रवी आहे आणि त्यातील काही कोडी खरोखरच बुद्धीला चालना देणारी आहेत. परंतु त्याच्या पायऱ्या हजारोंनी आहेत आणि त्यांत सतत भर पडत असते. पाच संधी संपल्या की दर अर्ध्या तासाने एक परत मिळते. म्हणजे खेळ थांबला तरी मन अर्ध्या तासाने येणाऱ्या संधीची वाट पाहत राहते. खेळ म्हणून मी त्याला बरा म्हणेन, परंतु शेवट नसलेल्या खेळाला घड्याळ आपणच लावले पाहिजे.

'लुडो किंग' मात्र मला आवडतो. हा आपल्या नवी मुंबईतील गेमेशन या कंपनीचा खेळ २०१६ साली आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. त्या दिवसांत पुण्यातील मुलगी, हैदराबादेतील पुतण्या आणि आम्ही दोघे वृद्ध रोज रात्री एकाच पटावर बसत होतो. फासा नशिबाचा, सोंगटी कोणती हलवावी ही अक्कल आपली आणि डाव संपला की शुभरात्री. या खेळाने आमचा वेळ घेतला, पण त्या बदल्यात माणसे दिली.

दुसरी रक्कम धनाची. येथे मला अधिक स्पष्ट बोलावे लागेल. एका स्नेह्याच्या दुकानाचे हिशेब पाहताना बँकेच्या उताऱ्यात मला रोज रात्री अकरानंतरच्या नोंदी दिसल्या. शंभर, दोनशे, कधी पाचशे रुपये. प्रत्येक रक्कम इतकी लहान की रोजमेळात कोणी विचारू नये. तीन महिन्यांची बेरीज मारली, तेव्हा ती दुकानाच्या भाड्याहून अधिक भरली. घरातील तरुण मुलगा पैसे लावून पत्ते खेळत होता. त्याच्या वडिलांना तो आकडा दाखविताना माझाच हात थरथरला. मुलगा रडत म्हणाला, "काका, सुरुवातीला मी जिंकत होतो." बँकेच्या नोकरीत कर्ज बुडविणाऱ्या कितीतरी जणांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकले होते.

अशा खेळाला खेळ म्हणणे हीच पहिली चूक आहे. सप्तव्यसनांत द्यूताला पहिले स्थान दिले आहे, ते उगीच नव्हे. शासनानेही आता ही रेघ ओढली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालविणे, त्यांची जाहिरात करणे आणि बँकांनी त्यांचे व्यवहार हाताळणे यांस त्याने मनाई केली. चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही माझा सल्ला आहे की कायद्यावर विसंबू नये. महिन्यातून एकदा घरातील सर्व खात्यांचे उतारे एकत्र बसून वाचावेत. मोठ्या रकमा आपण पाहतोच. लहान रकमांची बेरीज करावी.

तिसरी रक्कम भावाची, आणि तीच मला सर्वांत कठीण गेली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवाने मला 'बीजीएमआय' शिकविला. याचा पूर्वावतार 'पबजी मोबाईल' यावर २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात बंदी आली आणि २ जुलै २०२१ रोजी तो या नव्या नावाने परतला. विमानातून शंभरेक खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात, सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जाते आणि शेवटी जो उरेल तो जिंकतो. प्रामाणिकपणे सांगतो, खेळ म्हणून त्याची रचना उत्तम आहे. चौघांच्या तुकडीत एक जण कोसळला तर दुसरा स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला उठवितो. नातवाने मला असे चार वेळा उठविले. नव्या अवतारात रक्ताचा रंग हिरवा केला आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली आहे.

तिसऱ्या दिवशी माझी गोळी प्रथमच कोणाला तरी लागली. समोरची आकृती कोसळली आणि मी, पासष्टी ओलांडलेला माणूस, "पडला!" असे ओरडून उठलो. मला आनंद झाला होता. त्या सायंकाळी सामायिकाला बसलो, तर मिटलेल्या डोळ्यांपुढे तेच कुंपण आणि तीच धावती आकृती येत राहिली. अंगठा आपोआप हलत होता.

नातवाला हे सांगितले. तो म्हणाला, "आजोबा, पण खरे कोणी मरत नाही ना! आणि लुडोत तुम्ही 'आजीची सोंगटी मारली' म्हणता, बुद्धिबळात घोडा मारता, ते कसे चालते?" मुलाचा मुद्दा बिनतोड होता आणि मी त्या रात्री निरुत्तर झालो.

दुसऱ्या दिवशी मला यशोधर राजाची कथा आठवली. सोमदेवसूरींनी ती दहाव्या शतकात 'यशस्तिलका'त सांगितली, आणि आपल्या सीमेपलीकडील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, म्हणजे तेव्हाचे मान्यखेट, येथे महाकवी पुष्पदंतांनी ती अपभ्रंशात रचली. राजाला खऱ्या प्राण्याचा बळी द्यायचा नव्हता, म्हणून मातेच्या आग्रहास्तव त्याने पिठाचा कोंबडा करून तो कापला. रक्त सांडले नाही, जीव गेला नाही. तरी कापण्याचा भाव खरा होता आणि त्यापायी मायलेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत भटकावे लागले. आपल्या अनेक घरांत प्राण्याच्या आकाराची मिठाई आजही मोडून खात नाहीत, त्यामागे हाच विचार आहे.

नातवाला कथा सांगून मी म्हणालो, "लुडोची सोंगटी मारताना मला सोंगटीच दिसते. काल मात्र मला माणूस दिसला होता आणि तो पडावा असे वाटले होते. रक्त हिरवे केले म्हणून माझे ते वाटणे खोटे ठरत नाही." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला तसे वाटत नाही, आजोबा. मला फक्त मित्रांबरोबर मजा येते." त्याचे म्हणणे खरेही असेल. प्रत्येकाच्या भावाचे खाते त्याला स्वतःलाच लिहावे लागते. मी बंदी घातली नाही. माझ्यापुरता तो खेळ थांबविला आणि त्याला एवढेच सांगितले की खेळून झाल्यावर पाच मिनिटे डोळे मिटून बस, आणि काय दिसते ते मला प्रामाणिकपणे सांग.

आता जमा बाजू. स्वीडनमध्ये जन्मलेल्या 'माइनक्राफ्ट'ला मी सर्वांत वरचा क्रमांक देतो. यात चौकोनी ठोकळ्यांनी वाटेल ते बांधता येते आणि 'शांत' हा पर्याय निवडला की हल्ला करणारे प्राणी राहत नाहीत, भूकही छळत नाही. आम्ही दोघांनी आठ दिवस खपून नळदुर्गचा पाणीमहाल बांधला. बोरी नदीवरचा बांध, त्यावरून कोसळणारे नर आणि मादी हे दोन धबधबे आणि बांधाच्या पोटातील दालन. पाणी वरून पडते आणि आत बसलेला कोरडा कसा राहतो, हे नातवाला पुस्तकातून पटले नसते; ठोकळे रचताना पटले. मग एक दिवस आम्ही प्रत्यक्ष नळदुर्गला गेलो. तेथे तो मला किल्ला समजावून सांगत होता.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा 'राजी' हा २०२० सालचा खेळही मी कौतुकाने पाहिला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही गोष्ट आहे आणि मधली कथानके छाया-बाहुल्यांच्या शैलीत रंगविली आहेत. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्यांना ते ओळखीचे वाटेल. त्यातही असुरांशी लढाई आहेच. पण खेळ एकदा विकत घेतला की काही तासांत संपतो, आणि आपल्या मातीतील गोष्टी या माध्यमात सांगता येतात हा विश्वास तो देतो.

हे काम आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी केले होते. सापशिडी इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेली. तिचा मूळ पट आपला. जैन परंपरेत तो 'ज्ञानबाजी' म्हणून ओळखला जाई. कापडावर रंगविलेली चौऱ्याऐंशी घरे, दुर्गुणांचे साप, सद्गुणांच्या शिड्या आणि माथ्यावर सिद्धशिला. त्या पटावर कोणाला मारून पुढे जाता येत नसे. प्रत्येकाला आपल्याच सापांशी गाठ होती.

त्या भगिनीला माझे उत्तर असे : मुलाच्या हातातील मोबाईल हिसकावण्याआधी आठ दिवस त्याच्या शेजारी बसून तो खेळ खेळा. खाते उघडा, तिन्ही रकमा लिहा, जमा बाजूही लिहा आणि ते पान मुलालाच वाचू द्या. मागील आठवड्यात नातवाचा पुण्याहून फोन आला. म्हणाला, "आजोबा, काल डोळे मिटले तेव्हा मलाही ते कुंपण दिसले." पुढच्या सुट्टीत कुंथलगिरी बांधायची, असे आमचे ठरले आहे. पायऱ्या मोजण्याचे काम माझ्याकडे आले आहे.