मूल उशिरा बोलते, म्हणून मराठी सोडायची का?

शिशुवर्गाच्या प्रवेशाचे दिवस आले की शाळेच्या कार्यालयात पालकांची वर्दळ वाढते. फॉर्म भरून झाला तरी एखादी आई घुटमळत राहते आणि हळूच विचारते, "बाई, तीन वर्षांचा झाला, पण अजून नीट बोलत नाही. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात हिंदी आणि टीव्हीवर इंग्रजी. सगळे म्हणतात, पोरगं गोंधळलंय. घरातली मराठी बंद करावी का?"

हैदराबादेत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांतून हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर वार्तापत्रातून सर्वांनाच द्यावे असे वाटले. थोडक्यात उत्तर असे: मराठी बंद करू नका, आधी मुलाचे कान तपासून घ्या. हे असे का, ते समजण्यासाठी बोलणे मुळात घडते कसे हे पाहायला हवे.

आवाज कसा तयार होतो?

विद्यार्थी मित्रांनो, हा भाग तुम्ही स्वतः करून पाहण्यासारखा आहे. गळ्यावर दोन बोटे हलकेच टेकवा आणि "सऽऽ" असा आवाज काढा. आता "आऽऽ" म्हणा. दुसऱ्या वेळी बोटांना थरथर जाणवेल. फुफ्फुसातून येणारी हवा गळ्यातील स्वरयंत्रातून जाते. तेथील दोन स्वरतंतू जवळ आले की हवेच्या दाबाने ते कंप पावतात. पुरुषांच्या आवाजात हा कंप सेकंदाला साधारण 100 ते 150 वेळा होतो, स्त्रियांच्या 200 च्या आसपास आणि लहान मुलांच्या त्याहूनही अधिक. म्हणून मुलांचा आवाज बारीक.

आता तळहात तोंडासमोर धरून "प" आणि मग "फळा"तला "फ" म्हणा. "फ"च्या वेळी हवेचा झोत हाताला लागतो. शेवटी नाक चिमटीत धरून "म्ऽऽ" म्हणत राहा. आवाज लगेच अडतो, कारण "म" म्हणताना हवा नाकातून बाहेर पडते.

आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे. "क" वर्ग मागे, मऊ टाळूपाशी. मग टाळूचा "च" वर्ग, जीभ वर वळवून "ट" वर्ग, दातांशी "त" वर्ग आणि ओठांचा "प" वर्ग. वैदिक काळानंतरच्या शिक्षा आणि प्रातिशाख्य या ग्रंथांत उच्चारांची ही स्थाने बारकाईने सांगितलेली आहेत. मराठीत तर "च" दोन प्रकारचा. "चार" आणि "चारा" हे शब्द लागोपाठ म्हणून पाहा. पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांच्या जवळ सरकते. लिहिताना फरक नाही, पण मराठी कानाला तो लगेच कळतो.

आपण बोलतो तेव्हा असे दहा ते पंधरा ध्वनी एका सेकंदात तोंडातून बाहेर पडतात. श्वास, स्वरयंत्र, टाळू, जीभ, ओठ आणि जबडा या सर्वांचा मेळ मेंदूला घालावा लागतो. पुष्कळ घरांत मुलाला लवकर वाचा फुटावी म्हणून जिभेला वेखंड लावतात. मोठ्यांच्या त्या मायेचा आम्हाला आदर आहे. पण बोलणे केवळ जिभेचे काम नाही. त्याची सुरुवात कानापासून होते.

मूल ऐकता ऐकता शिकते

मूल पोटात असतानाच आईचा आवाज ऐकते आणि जन्मानंतर काही दिवसांतच तो ओळखते. 1984 साली कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना त्यांनी हिंदीतले "त" आणि "ट" ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही. तरीही सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र थोड्यांनाच कळला. म्हणजे पहिला शब्द बोलण्याच्या आधीच बाळाचा कान आपल्या घरची भाषा निवडून घेत असतो. जे ध्वनी रोज कानावर पडतात ते तो जपतो, बाकीच्यांकडे त्याचे लक्ष कमी होते. पहिल्या वर्षातले ऐकणे किती मोलाचे असते ते यावरून दिसते.

दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते. सहा-सात महिन्यांच्या सुमारास "बाबाबा", "मामामा" सुरू होते. वर्षाच्या आसपास एखाद-दुसरा अर्थपूर्ण शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांजवळ पन्नासएक शब्द जमतात आणि "आई पाणी", "बाबा गेले" अशी दोन शब्दांची जोडी बनते. तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे ओळखीच्या माणसांना बरेचसे कळते, चार वर्षांच्या मुलाचे परक्यालाही कळू लागते. "काका"चा "ताता" आणि "रिक्षा"ची "लिक्षा" या वयात नवलाची नाही. "र"सारखे अवघड ध्वनी काही मुलांच्या तोंडी सहा-सात वर्षांपर्यंत नीट बसत नाहीत.

शब्दांबरोबर मूल नियमही शिकते, आणि तेही कोणी न शिकवता. अमेरिकेतील जीन बर्को यांनी 1958 मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याला एक बनावट नाव दिले. मग दोन प्राणी दाखवून अनेकवचन विचारले. मुलांनी कधीही न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन अचूक केले. तुम्हीही धाकट्या भावंडावर हा प्रयोग करा. एक विचित्र चित्र काढून सांगा, "हा टिंबोडा." शेजारी दुसरे काढा आणि विचारा, "आता हे दोन काय?" "टिंबोडे" असे उत्तर आले तर समजा की त्याने मराठीचे व्याकरण पाठांतराशिवाय आत्मसात केले आहे. "मी केलं" ऐवजी "मी करलं" म्हणणारे मूलही चुकता चुकता नियमच लावत असते. त्याला हसू नये.

अनेक भाषांमुळे मूल गोंधळते का?

नाही. दोन-तीन भाषा ऐकत वाढल्याने बोलण्यात किंवा भाषेत दोष निर्माण होतो, असे अभ्यासातून दिसत नाही. मोजण्यात मात्र आपली चूक होते. मूल मराठीत तीस आणि तेलुगूत पंचवीस शब्द बोलत असेल, तर त्याचा साठा पंचावन्न शब्दांचा धरायचा. आपण फक्त मराठीचे मोजतो आणि घाबरतो. एका वाक्यात दोन भाषा मिसळणे हेही गोंधळाचे लक्षण नाही. आपण मोठी माणसे दिवसभर तेच करतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भाषेत खरी अडचण असेल तर ती मुलाच्या सर्वच भाषांत दिसते. मूल गल्लीत तेलुगू भराभर बोलते आणि फक्त मराठीत अडते, तर त्याला मराठी ऐकायला कमी मिळाली एवढाच त्याचा अर्थ.

फरक आणि दोष यांत गल्लत करू नये, हे आम्हा शिक्षकांनाही सांगावेसे वाटते. आपल्या शहरातील हिंदी आणि दखनीत "ळ" नाही. तेव्हा जो मुलगा "बाळ"ला "बाल" म्हणतो, त्याची जीभ जड नाही, त्याच्या कानावर तो ध्वनी कमी पडला आहे. उलट तेलुगूत "ळ" आहे. पाण्याला "नीळ्ळु" म्हणताना तो येतो. "पुरे" या अर्थाच्या तेलुगू "चालु"मध्ये आपल्या "चालणे"तलाच "च" आहे. म्हणजे तेलुगू शेजारी आपल्या मुलांच्या मराठी उच्चारांचे नुकसान करत नाहीत, मदतच करतात.

एका घरातली गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या शिशुवर्गात एक मुलगी आली. ती क्वचितच बोले. घरच्यांना कोणी तरी ठामपणे सांगितले होते की मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. आईवडिलांनी तसेच केले. घरात आजी होती, तिला इंग्रजी येत नव्हते. नातीला दिवसभर सांभाळणारी आजी वर्षभर जवळजवळ मुकी झाली. गोष्टी बंद झाल्या, ओव्या बंद झाल्या. मुलगी इंग्रजी तर बोलली नाहीच, पण जी थोडी मराठी बोलत होती तीही कमी झाली.

वर्गात बाईंच्या लक्षात आले की मागून हाक मारली की ही वळत नाही, समोरून मारली की बघते. पालकांना बोलावून कानाच्या डॉक्टरांकडे पाठवले. वारंवार सर्दी होऊन पडद्यामागे पाणी साठले होते आणि तिला सगळे बोलणे दबके ऐकू येत होते. उपचार झाले, स्पीच थेरपिस्टकडे काही महिने जाणे झाले. आजीला पुन्हा मराठी बोलायला सांगितले. पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात त्या मुलीने चार ओळींची गोष्ट सांगितली. पहिल्या रांगेत बसलेली आजी आम्हाला म्हणाली, "वर्ष फुकट गेलं हो माझं हिच्याबरोबरचं." ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही.

केव्हा दाखवावे?

"त्याचा बापही उशिराच बोलला होता" असे म्हणत वाट पाहू नये. पुढीलपैकी काहीही दिसले तर तपासणी करून घ्यावी.

मोठ्या आवाजाला बाळ दचकत नाही किंवा हाकेला वळत नाही. वर्षाचे झाले तरी बडबड नाही, बोट दाखवणे किंवा टाटा करणे नाही. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, येत असलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर एक दिवसही दवडू नये.

श्रवणाची तपासणी कोणत्याही वयात करता येते. नवजात बाळ झोपलेले असतानाही ती होते आणि त्यात काही दुखत नाही. जन्मानंतर महिन्याभरात ती व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात.

आपल्याला दूर जावे लागत नाही. वाचा आणि श्रवण यांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 मध्ये मुंबईत स्थापन झाली. तिचे प्रादेशिक केंद्र सिकंदराबादला आहे. ज्यांचे नाव संस्थेला दिले आहे ते अली यावर जंग हैदराबादचेच. ते उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. सरकारने 2013 मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही ऐकण्याच्या आणि भाषेच्या अडचणींची तपासणी होते. खासगी थेरपिस्टकडे जाताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, एवढे विचारून घ्यावे. घरात किती भाषा बोलल्या जातात हेही त्यांना आवर्जून सांगावे.

बोबडे वेगळे, तोतरे वेगळे

बोबड्या मुलाचा ध्वनी बदलतो. तोतरे बोलणाऱ्याला ध्वनी येतो, पण तो अडतो: "म-म-मला". दोन ते पाच या वयात पुष्कळ मुले काही काळ अशी अडखळतात आणि त्यांपैकी बहुतेकांचे आपोआप थांबते. ते भित्रेपणामुळे होत नाही. "थांब, नीट बोल, श्वास घे" असे म्हणू नये. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. त्याच्याकडे बघावे आणि त्याचे होईपर्यंत थांबावे. काही महिने उलटूनही अडखळणे कमी झाले नाही, किंवा मूल बोलणेच टाळू लागले, तर तज्ज्ञांना दाखवावे. मित्रांनो, वर्गात असा सोबती असेल तर त्याची नक्कल करू नका. त्याला वेळ द्या, एवढीच मदत त्याला हवी असते.

घरी काय करावे?

खर्चाचे काहीच नाही. भाजी निवडताना, अंघोळ घालताना, जिना उतरताना मुलाशी बोलावे. ते "गाडी" म्हणाले तर आपण "हो, लाल गाडी गेली" असे पुढे न्यावे. चूक दाखवण्याऐवजी बरोबर शब्द सहज परत म्हणावा. प्रश्न विचारून थोडे थांबावे, उत्तर यायला वेळ लागतो. मोबाइल आणि टीव्ही बोलतात खरे, पण ते मुलाचे ऐकून घेत नाहीत. ऐकून घेणारे माणूस समोर असले की मूल बोलते.

आणि ज्या भाषेत आपण मनापासून बोलतो, रागावतो, हसतो, त्याच भाषेत बोलावे. आपल्या बहुतेकांच्या घरी ती मराठी आहे. शाळा इंग्रजी शिकवील, गल्ली तेलुगू शिकवील. पण आजीशी नातवाचे बोलणे शाळेला किंवा गल्लीला शिकवता येणार नाही. मूल उशिरा बोलत असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्या, थेरपिस्टकडे न्या, आमच्याकडे या. मात्र त्या काळजीपायी आजीला गप्प करू नका.